खबऱ्या : शब्द एक, बाजू दोन

सीमाभागात एखाद्याला चोर म्हटले तर तो भांडायला उठतो. ‘खबऱ्या’ म्हटले तर तो गप्प होतो. चोरीचा आरोप खोटा पाडता येतो, घराची झडती घ्या असे सांगता येते. आपण कोणाच्या कानात काही सांगितले नाही, हे मात्र कोणालाच सिद्ध करता येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी बोलीत हा शब्द फार सहज उच्चारला जातो आणि ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो जन्मभर पुरतो. मोर्चे, जमावबंदी आणि धरपकड यांच्या संगतीत वाढलेल्या आमच्या समाजाला त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. तरीही तो एकदा नीट तपासावा असे आम्हांस वाटते, कारण आमच्याकडे हा शब्द अनेकदा चुकीच्या माणसावर जाऊन पडला आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘खबर’ हा मूळचा अरबी शब्द. तो फारसीच्या वाटेने दख्खनमध्ये आला आणि मराठीत पुरता मुरला. त्याला मराठीचा ‘या’ प्रत्यय लागून ‘खबऱ्या’ झाला. लाकूडतोड्या, घरभेद्या, बोलघेवड्या या शब्दांत हाच प्रत्यय आहे. तो कर्ता दाखवतो; पण त्याच्या पोटी बहुधा सलगी तरी असते, नाही तर तुच्छता. ‘खबऱ्या’त तुच्छताच आहे. लिहितानाही हा ‘ऱ्या’ जपावा लागतो, कारण ‘सूर्या’तील ‘र्या’ आणि ‘खबऱ्या’तील ‘ऱ्या’ यांचे उच्चार वेगळे आहेत आणि हा भेद दाखवणारी खूण मराठीने खास राखून ठेवली आहे.

‘खबर’ या धातूचे कुटुंब मोठे आहे. ‘अखबार’ हे मूळ अरबीत ‘खबर’चेच अनेकवचन, म्हणजे वर्तमानपत्र हे ‘खबरांचे’ पत्र. हिंदी-उर्दूतील ‘मुखबिर’ म्हणजे खबर देणारा, हाही त्याच धातूचा. ‘खबरदार’ म्हणजे मुळात ‘ज्याच्यापाशी खबर आहे तो’, म्हणून सावध असलेला. आपण मात्र त्याचा दम देण्यासाठी उपयोग करू लागलो. उत्तर कर्नाटकाच्या कन्नड बोलीतही ‘खबर’ रुळलेला आहे आणि तिथे त्याला भान, शुद्ध अशी छटा आहे. एकाच धातूपासून वर्तमानपत्र, सावधपणा, शुद्ध आणि शिवी निघाली. बातमी देणे हे काम तेवढे समान. ती कोणाला दिली यावर मान ठरतो किंवा अपमान.

याचे आणखी स्पष्ट उदाहरण ‘बातमीदार’ या शब्दात आहे. मराठी वृत्तपत्रांत ‘आमच्या बातमीदाराकडून’ असे छापून येते तेव्हा तो प्रतिष्ठित माणूस असतो. बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली सुरू केलेल्या ‘तरुण भारत’पासून या भागाला अशा बातमीदारांची ओळख आहे. त्याच वृत्तपत्राच्या गुन्हेवार्तांत ‘पोलिसांना गुप्त बातमीदाराकडून माहिती मिळाली’ असे वाक्य येते, तेव्हा शब्द तोच राहतो आणि माणूस बदलतो. आता सीमेवरचे आश्चर्य पाहा. कर्नाटक पोलिसांच्या कन्नड कागदांत ‘खचित बात्मी’ आल्यावरून छापा घातला, अशी भाषा आढळते. त्यातील ‘खचित’ आणि ‘बात्मी’ हे दोन्ही शब्द मराठी माणसाला भाषांतराविना कळतात. उलट पोलिसांना किंवा अधिकाऱ्याला दिलेल्या सूचनेसाठी मराठीत ‘वर्दी’ हा शब्द आहे. कन्नडमध्ये ‘वरदी’ म्हणजे वृत्तान्त आणि ‘वरदिगार’ म्हणजे वृत्तपत्राचा प्रतिनिधी. आमचा वृत्तपत्रातला शब्द त्यांच्या ठाण्यात जाऊन बसला आणि आमच्या ठाण्यातला शब्द त्यांच्या वृत्तपत्रात. भाषांच्या सीमा आयोगांनी आखता येतात. शब्द मात्र पूर्वीपासून ये-जा करत आले आहेत.

ज्याला इतिहासाने मान दिला, त्यासाठी मराठीने दुसरे शब्द ठेवले. ‘हेर’ हा जुना देशी शब्द. प्राकृतात पाहणे, शोधणे या अर्थाने तो आहे, ‘हेरणे’ हे क्रियापद आपण आजही वापरतो आणि संस्कृत कोशांतही ‘हेरिक’ या रूपाने त्याला जागा मिळाली. ‘जासूद’ अरबीतून आला. मराठेशाहीत तो टेहळणी करणाऱ्याला लागत असे, तसाच पत्रे घेऊन धावणाऱ्यालाही. अष्टप्रधानांतील मंत्री या पदाचे जुने नाव ‘वाकनीस’. त्याचे मूळ फारसीतील ‘वाकिआ-नवीस’, म्हणजे घडलेल्या गोष्टी लिहून कळवणारा. आज ते आडनाव म्हणून अभिमानाने लावले जाते. बहिर्जी नाईकांचे नाव घेताना आमच्या मुलांची छाती फुगते, आणि ते योग्यच आहे. परंतु शत्रूच्या गोटातील ज्या माणसांनी बहिर्जींना माहिती पुरवली असेल, त्यांना त्यांच्या गावाने कोणते नाव दिले असेल? ‘आपला तो बाब्या’ ही म्हण या क्षेत्रातही लागू पडते : आपला तो हेर, दुसऱ्याचा तो खबऱ्या.

‘फितूर’ या शब्दाचा प्रवास तर याहून बोलका आहे. अरबीत त्याचा अर्थ शैथिल्य, ढिलाई, दुर्बलता. मराठीत तो आला आणि निष्ठेची गाठ सैल झालेल्या माणसाला चिकटला. ‘फितुरी’ म्हणजे स्वपक्षाचा घात. हिंदीत त्याच शब्दाला डोक्यात शिरलेले खूळ हा अर्थ आला. कन्नडमध्ये तो ‘पितूरी’ झाला आणि तिथे त्याचा अर्थ कट, कारस्थान. तेलुगू मुलखात ‘पितूरी’ म्हणजे उठाव. १८७९ मधील रंपा भागातील आदिवासींचे बंड आणि १९२२ ते १९२४ या काळातील अल्लुरी सीताराम राजू यांचा लढा, दोन्हींची नोंद ‘रंपा फितुरी’ अशीच झाली आहे. म्हणजे जो शब्द आमच्याकडे देशद्रोह्याच्या कपाळी बसला, तोच तिकडे देशासाठी लढणाऱ्यांच्या लढ्याला लागला. राज्यकर्त्याच्या खुर्चीवरून पाहिले तर बंडखोर फितूर दिसतो. बंडखोराच्या बाजूने पाहिले तर राज्यकर्त्याला बातमी देणारा.

विश्वासघाताचे दुःख मात्र कोणत्याही एका भाषेच्या मालकीचे नाही. आमच्याच खानापूर तालुक्यातील नंदगड येथे संगोळ्ळी रायण्णाला जानेवारी १८३१ मध्ये फाशी देण्यात आले. कित्तूरच्या या वीराला इंग्रजांनी रणात जिंकले नव्हते. जवळच्याच माणसांच्या फितुरीने तो त्यांच्या हाती लागला. कन्नड लोकगीते त्या घाताची आठवण अजून जागवतात. मराठीत तीच जागा सूर्याजी पिसाळ या नावाने घेतली आहे. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला, त्या घटनेशी हे नाव जोडले जाते. त्यात सत्य किती आणि आख्यायिका किती, यावर इतिहासाच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत; परंतु विशेषनामाचे एकदा सामान्यनाम झाले की पुराव्याला कोणी विचारत नाही. युरोपातही असेच घडले. नॉर्वेवर १९४० साली जर्मनांनी आक्रमण केले, तेव्हा त्यांना सामील झालेल्या क्विस्लिंगचे आडनाव काही महिन्यांतच इंग्रजीत ‘देशद्रोही’ या अर्थाचे नाम झाले.

आणखी मागे गेलो तर एक कोडे समोर येते. अमरकोशात चहाडखोरासाठी जे शब्द दिले आहेत, त्यांत ‘कर्णेजप’, ‘सूचक’ आणि ‘पिशुन’ हे आहेत. कर्णेजप म्हणजे कानाशी लागून जप करणारा. ‘कान भरणे’ या आपल्या वाक्प्रचाराचे ते जणू पूर्वरूप. ‘सूचक’ म्हणजे सुगावा देणारा. आज तोच शब्द सभेत ठराव मांडणाऱ्या सभ्य गृहस्थाला लागतो आणि ‘सूचक-अनुमोदक’ अशी जोडी इतिवृत्तात सन्मानाने बसते. त्याच कोशात ‘द्विजिह्व’ या शब्दाचे दोन अर्थ सांगितले आहेत, एक सर्प आणि दुसरा सूचक, म्हणजेच चहाडखोर. ज्याला दोन जिभा, तो साप किंवा खबऱ्या.

सीमाभागातील माणसाने या शब्दापाशी थांबून विचार करावा, कारण दोन जिभा आम्हां सर्वांनाच आहेत. घरी मराठी, बाजारात दोन्ही, कचेरीत कन्नड. बेळगावच्या भाजीमंडईत एकाच वाक्यात दोन भाषा नांदतात आणि कोणाला त्याचे नवलही वाटत नाही. ‘चहाडी’ हा शब्दच घ्या. आमच्याकडे बोलताना त्यातील ‘हा’ जवळजवळ ऐकू येत नाही. कन्नडमध्ये तर तो ‘चाडी’ असाच आहे आणि तेलुगूतही ‘चाडी’ आहे. एकमेकांच्या चहाड्या सांगण्यासाठीसुद्धा आम्हांला शेजारच्या भाषेशी सामाईक असलेलाच शब्द वापरावा लागतो. असे असता ज्याला दोन भाषा येतात त्याच्याकडे संशयाने पाहणे म्हणजे आरशाकडे संशयाने पाहणे होय.

हा संशय बळावतो तो मराठीच्या एका व्याकरणिक सवयीने. आपण क्वचितच म्हणतो की अमक्याने खबर दिली. आपण म्हणतो, ‘खबर गेली’, ‘बातमी फुटली’, ‘वर्दी लागली’. क्रिया घडते, कर्ता अदृश्य राहतो. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापारात या वाक्याला मोठा अर्थ होता. १९४३ साली सरकारने तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसवला आणि शेतापासून वखारीपर्यंत तंबाखूच्या प्रत्येक बोदाचा हिशेब ठेवणे भाग पडले. जिथे कर येतो तिथे चोरवाटा येतात आणि चोरवाटांबरोबर बक्षिसाच्या आशेने खबर पोचवणारेही येतात. कोणाच्या वखारीवर अधिकारी येऊन उभे राहिले की जुनी माणसे ‘खबर गेली’ एवढेच बोलत. नाव उच्चारले जात नसे. ज्याच्या त्याच्या मनात मात्र एक नाव तयार असे.

कायद्यानेही तो कर्ता अदृश्यच ठेवला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम १२५ प्रमाणे, गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर किंवा दंडाधिकाऱ्यावर करता येत नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. तिचा हेतू समजण्यासारखा आहे. माहिती देणाऱ्याचा जीव वाचला पाहिजे. परंतु तिचा एक परिणाम गावाला भोगावा लागतो. खरा खबऱ्या कधीच उघड होत नाही आणि त्याची रिकामी जागा गाव आपल्या अंदाजाने भरते. तो अंदाज बहुधा अशा माणसावर जातो, जो ठाण्याच्या किंवा कचेरीच्या पायऱ्या चढताना सर्वांना दिसतो. खरा खबऱ्या तर दिवसाढवळ्या कधीच पायरी चढत नाही.

लढ्याच्या काळात खबऱ्ये नसतात, असे आमचे म्हणणे नाही. सातारा-सांगलीकडे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले, तेव्हा भूमिगतांना इंग्रज पोलिसांइतकीच भीती गावातल्या फितुरांची होती. अशा लोकांच्या तळपायांना पत्रे ठोकतात अशी ख्याती पसरली आणि लोकांच्या तोंडी ‘प्रतिसरकार’चे ‘पत्रीसरकार’ झाले. खबऱ्याविषयीच्या संतापाने सरकारचे नाव बदलावे, याहून त्या शब्दाच्या धारेचा दुसरा दाखला नको. तरीही तिथे फितुरांचा न्याय करण्यासाठी निवाडे बसत, चौकशी होई. नुसती कुजबुज पुरेशी मानली जात नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आमच्या गावात कुजबुज पुरेशी ठरली. १९८६ साली कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले. १ जूनला बेळगाव परिसरात गोळीबार झाला, माणसे गेली आणि पुढे कित्येक दिवस धरपकड चालू होती. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. गावात एक वृद्ध गृहस्थ होते, सर्वजण त्यांना काका म्हणत. धारवाडकडे काही वर्षे नोकरी केल्यामुळे त्यांना कन्नड लिहिता-वाचता येत होते. उताऱ्यातील चूक, रेशनकार्डावरील नाव, विधवेची पेन्शन, असा कोणताही अर्ज असो, लोक त्यांच्या ओसरीवर जात आणि ते पैसा न घेता लिहून देत. धरपकडीनंतर मुलांना सोडवण्यासाठी ठाण्यात जाऊन कन्नडमध्ये बोलले तेही तेच. तीन मुले त्यांच्या शब्दावर सुटून आली. चौथा सुटला नाही, आणि त्या रात्री कोणीतरी म्हणाले, ‘साहेबाशी एवढं काय बोलत होता गा हा? खबऱ्या हाय.’

त्या वाक्याचा कर्ताही आजवर कोणाला ठाऊक नाही. काकांना कोणी मारले नाही, वाळीतही टाकले नाही. केवळ ओसरीवरची वर्दळ थांबली. दुकानात ते आले की बोलणे तुटू लागले. त्यांनी आपल्या बाजूने एक शब्दही सांगितला नाही. एके दिवशी त्यांनी चष्मा आणि दौत आत ठेवून दिली आणि ‘आता डोळ्यांना दिसत नाही’ असे सांगू लागले. वर्तमानपत्र मात्र ते रोज वाचत होते. पुढे गावकऱ्यांना एकेका अर्जासाठी तालुक्याला जाऊन पैसे मोजावे लागले आणि काय लिहिले आहे हे न कळताच अंगठा किंवा सही करावी लागली. दोघांच्या जमिनीच्या नोंदी त्या काळात चुकल्या, त्या दुरुस्त व्हायला पुढची पिढी उजाडली. काका वारले तेव्हा अंत्ययात्रेला सारे गाव होते. त्यांचा दोष कोणता होता, असे त्या दिवशी कोणी विचारले नाही. तो सिद्ध झाला होता का, हे तर त्याआधीही कोणी विचारले नव्हते.

ही एका माणसाची गोष्ट म्हणून आम्ही सांगत नाही. सीमाभागातील प्रत्येक गावाला असा एक माणूस लागतो. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तिथे शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, हे तत्त्व मान्य झालेले आहे. मराठीत कागद मिळावेत ही आमची मागणी त्यामुळे न्याय्य आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. पण तो दिवस उगवेपर्यंत समोर येणारा कन्नड कागद वाचणारा कोणीतरी आमच्यात असलाच पाहिजे. ज्याला समोरच्याची भाषा येते, तोच समोरच्याने काय लिहिले हे आम्हांला सांगू शकतो. त्याला ‘दुभाषा’ म्हणावे. ‘दुतोंडी’ म्हणू नये. दुभाषाची दोन तोंडे दोन भाषांत एकच गोष्ट सांगतात. दुतोंड्याची दोन तोंडे एकाच भाषेतही दोन गोष्टी सांगू शकतात. खानापुरातील, निपाणीतील आजची मुले कन्नड शाळांतून आणि महाविद्यालयांतून ती भाषा उत्तम शिकत आहेत. त्यांच्या पैकी कोणी उद्या गावाचा अर्ज लिहायला बसला आणि त्याला पहिला शब्द ‘खबऱ्या’ ऐकावा लागला, तर तो लेखणी ठेवून देईल. काकांनी ठेवली तशी.

मराठीपाशी शब्दांची उणीव नाही. आम्ही ते नीट वेगळे करून वापरत नाही, एवढेच. पैशासाठी किंवा वैरापोटी आपल्या माणसाला पकडून देतो तो खबऱ्या. आपल्या पक्षाचे काम करत असल्याचे भासवून दुसऱ्याला सामील असतो तो फितूर. स्वतः गुन्ह्यात असून शिक्षा टाळण्यासाठी न्यायालयात बोलतो तो माफीचा साक्षीदार. अन्यायाविरुद्ध उघडपणे, स्वतःच्या नावाने दाद मागतो तो तक्रारदार. चोरांना घराचा सुगावा देतो, तो ‘टीप’ देणारा. आणि आमचे म्हणणे दुसऱ्या भाषेत पोचवतो तो दुभाषा. हे सहा जण आहेत. पहिल्या दोघांविषयीचा राग उरलेल्यांवर, विशेषतः शेवटच्यावर काढणे, हा भाषेचा अपराध आहे आणि चळवळीचेही त्यात नुकसान आहे. संशय पेरून माणसे फोडणे हे प्रतिपक्षाला खबऱ्या ठेवण्यापेक्षा स्वस्त पडते. त्यासाठी त्याला बक्षीसही द्यावे लागत नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी वाचकांना आमची विनंती साधी आहे. ‘खबऱ्या’ हा शब्द भाषेतून हद्दपार करावा असे आम्ही म्हणत नाही. तो खरा आहे, त्याला इतिहास आहे आणि कधीकधी त्याची गरजही पडते. परंतु तो उच्चारण्यापूर्वी वाक्याला कर्ता द्यावा. कोणी, कोणाला, काय सांगितले आणि हे तुम्हांस कसे कळले, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे असतील तर शब्द खुशाल वापरावा. उत्तरे नसतील, तर ‘खबर गेली’ एवढ्यावरच थांबावे. त्या वाक्यात कोणाचे नाव नाही, आणि माहीत नसलेले नाव न घेणे हेच अशा वेळी प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.